पान उघडलं नाही, तो हंगाम

तंबाखू आली की निपाणीत कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी दार उघडलं की पहिला झणका नाकात बसतो, मग डोळ्यांत, मग घशात. बाहेरगावचा माणूस बसमधून उतरताच शिंकायला लागतो आणि आम्ही त्याला हसतो. लहानपणी मला हा वास आवडायचा. आईच्या पदराला तो असायचा, केसांना असायचा, ती भाकरी थापायची त्या हातांना असायचा. तिच्या कुशीत शिरून मी तो हुंगत झोपायची. आता मात्र तो आला की माझ्या कपाळाची शीर उडते. एखाद्या माणसाचा राग यावा तसा हंगामाचाही राग येतो. यंदाही आला. गाड्या भरून तंबाखू वखारीकडे निघाली आणि मी भांडी आदळायला लागले. आई म्हणाली, "काय झालंय तुला?" मी म्हटलं, "काय न्हाय." तिला ठाऊक होतं काय ते. मलाही.

दोन वर्षांपूर्वीचा हंगाम होता. विहारामागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर, पाठीला लागूनच वखारींचे पत्रे. आई त्यातल्याच एका वखारीत तंबाखू चाळायची. कळायला लागल्यापासून मी तिला तोंडाला फडकं बांधून जाताना बघत आले. तिचा खोकला आमच्या घरातल्या घड्याळासारखा होता, पहाटे एकदा, दिवेलागणीला एकदा. त्या वर्षी तो वेळ-अवेळ यायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ बंद करा. आईनं साऱ्या गल्लीत जाहीर केलं, "आमच्या उज्जूचं झालं की मी चाळण ठिवली बघा."

उज्जू म्हणजे उज्ज्वला, माझी धाकटी बहीण. वनस्पतीशास्त्रात एमएस्सी झाली होती. लांबच्या शहरातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत तिची निवड मुलाखतीपर्यंत पोचली होती. आमच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पानं वाळवत, कुटत, चाळत आल्या. उज्जूला त्याच पानांच्या आत सूक्ष्मदर्शकातून बघायचं होतं. मुलाखत ऑनलाइन होती, बुधवारी सकाळी अकरा वाजता.

मी इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची सहायक. लॅबमधली सगळी यंत्रं लिनक्सवर चालतात, कारण जुन्या यंत्रांना तेच झेपतं. कॉलेजनं मोडीत काढलेला एक लॅपटॉप मी घरी आणला होता, त्यावरही लिनक्सच घातलं होतं. उज्जूचा सगळा अभ्यास, प्रबंध, अर्ज त्याच लॅपटॉपवर झाला. कधी कुरकुरला नाही बिचारा.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी घरातलं इंटरनेट लहरीपणा करायला लागलं. राऊटरवरचे दिवे सगळे हिरवे, लॅपटॉप म्हणतो जोडलेलं आहे, आणि पान मात्र उघडत नाही. नुसतं गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी पाटी येते, सर्व्हर सापडला नाही. अर्ध्या तासानं आपोआप सुरू. पुन्हा बंद. उज्जूच्या फोनवर चालतंय असं वाटायचं, पण तो गुपचूप सिमकार्डाच्या नेटवर उडी मारत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

कंपनीचा माणूस आला. महांतेश त्याचं नाव, चाळिशीचा, कमरेला हत्यारांची पिशवी, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. त्यानं आपला लॅपटॉप काढला, आमच्या राऊटरला वायर जोडली, आणि पटापट तीन-चार पानं उघडून दाखवली.

"बघा आक्का. लाइन एक नंबर हाय. तुमच्या मशीनमधी काय घातलाय?"

"लिनक्स."

तो हसला. "अय्यो! ते कॉलेजातलं खूळ घरात कशाला आणलाय वो? ते काढा. विंडोज घाला. हा प्रॉब्लेम लिनक्सचाच हाय."

"लॅबमधी पंचवीस मशीन हायत लिनक्सवर. तिथं येत न्हाय प्रॉब्लेम."

"मिस्टर न्हाईत काय घरात? फोन लावून द्या, मी त्यांना समजावून सांगतो."

मी लग्न केलेलं नाही. पण तसं सांगायचीही मला लाज वाटली, आणि त्या लाजेचा राग मला आज येतो. तेव्हा मी नुसतं "न्हाईत" म्हटलं आणि त्याला चहा दिला.

हे मी पुन्हा पुन्हा आठवते आणि स्वतःवर दात खाते. दोन दिवसांनी तो परत आला, पुन्हा तेच बोलला, आणि बिघाड आमच्याच लॅपटॉपमध्ये आहे, हे मी खरं मानलं. रोज पंचवीस यंत्रं हाताळणारी मी. का मानलं? कारण त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं. आमच्या घराला ती जुनी सवय आहे. वखारीत काट्याजवळ उभा असलेला माणूस म्हणेल ते वजन. आईनं कधी काट्यात डोकावून बघितलं नाही, आणि शिकूनसवरून मीही नाही बघितलं.

मंगळवारी मी रजा काढली. उज्जू म्हणत होती, "आक्का, तू समोर बस, मला प्रश्न इचार. इंग्रजीत बोलायची सवय तर हुईल." मी म्हटलं, "थांब गं, आदी हे बघू दे." लॅबमधून पेनड्राइव्ह आणला होता. सगळं पुसलं आणि लिनक्स नव्यानं घातलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी त्या लॅपटॉपसमोर, आणि उज्जू आतल्या खोलीत भिंतीशी इंग्रजी बोलत होती. संध्याकाळी जोडणी केली तर पानं भराभर उघडली. मला केवढा आनंद झाला! उज्जू म्हणाली, "मी उद्या तुझ्या कॉलेजात येऊन देऊ का? तिथं खात्रीचं नेट हाय." मी म्हटलं, "कशाला? आता झालंय दुरुस्त. घरीच दे, निवांत."

हे वाक्य मी बोलले.

बुधवारी आई वखारीला गेली नाही, अर्धा दिवस सुट्टी मागून घेतली. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून स्वयंपाकघराच्या दारात बसली, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. खोकला येऊ नये म्हणून तोंडात लवंग धरली होती. उज्जूनं निळा कुर्ता घातला होता. दहा-चाळीसला मी मुलाखतीचा दुवा उघडला. गोल फिरायला लागलं. सर्व्हर सापडला नाही.

राऊटर बंद-चालू केला. लॅपटॉप बंद-चालू केला. वायर काढून घातली. दहा-पंचावन्न. उज्जूच्या फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, पण आमच्या गल्लीत पत्र्यांच्या मधून सिग्नलची एखादी काडी आली तर आली. अकरा-आठला पडद्यावर तीन चेहरे उमटले. उज्जूनं नमस्कार केला, नाव सांगितलं. चेहरे तुकडे तुकडे होऊन जुळत होते. एका बाईंनी काहीतरी विचारलं. प्रश्न अर्धाच ऐकू आला, पण उज्जूनं तो ओळखला आणि बोलायला लागली. छान बोलत होती. इतकं छान इंग्रजी मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. हात हलवून, डोळ्यांत चमक आणून पानाच्या आतल्या पेशींबद्दल सांगत होती. आणि माझ्या लक्षात आलं की पडद्यावरचे चेहरे केव्हाचे थिजलेत. पलीकडे कुणीच नाही. ती थिजलेल्या चेहऱ्यांकडे बघून बोलत राहिली आणि मला तिला थांबवायचा धीर होईना. पूर्ण एक मिनिट. मग तिलाच कळलं.

पुन्हा जोडलं तेव्हा संदेश आला होता, वेळ संपल्यामुळे पुढच्या उमेदवाराला बोलावलं आहे.

"झालं?" आईनं दारातून विचारलं.

"झालं," उज्जू म्हणाली.

आईनं दोघींची तोंडं बघितली. लुगडं बदललं, फडकं बांधलं, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी वखारीला गेली.

दुपारी उज्जू भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. आता घाई नव्हती, गमवायचं काही उरलं नव्हतं, आणि डोकं असं तापलं होतं की त्या तापानंच ते सरळ चालायला लागलं. पहिल्यांदा राऊटरला हाक मारून बघितली, म्हणजे पिंग केलं. उत्तर आलं. मग बाहेरच्या जगातल्या एका सर्व्हरला त्याच्या आकड्यांच्या पत्त्यानं हाक मारली. उत्तर आलं. म्हणजे रस्ता उघडा होता! मग त्याच जागेला नावानं हाक मारली. लॅपटॉप म्हणाला, नावाचा पत्ता लागत नाही.

इंटरनेटवर प्रत्येक जागेचा खरा पत्ता आकड्यांत असतो. आपण नाव लिहितो, आणि त्या नावाचा आकडा कोणता, हे सांगायला कंपनीचा एक सर्व्हर असतो. त्याला डीएनएस म्हणतात. तो मुका झाला की रस्ता मोकळा असूनही कुठं जाता येत नाही. मी लॅपटॉपमधली फाइल उघडली, नावं तो कुणाला विचारतो ते बघितलं. तो राऊटरला विचारत होता. राऊटरच्या पानात शिरले, तो कंपनीच्या दोन सर्व्हरांना विचारत होता. त्या दोघांना थेट विचारलं. एक गप्प. दुसरा दहा वेळा विचारलं की एकदा उत्तर देणारा. मग सगळ्या जगाला खुला असलेला एक तिसराच सर्व्हर होता, त्याला विचारलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर.

सेटिंगमध्ये जाऊन कंपनीचे आकडे काढले, त्या तिसऱ्याचा आकडा घातला, जोडणी तोडून पुन्हा जोडली. सगळी पानं उघडली. मुलाखतीचा दुवासुद्धा उघडला. आत कुणी नव्हतं.

सगळं मिळून दहा मिनिटं लागली होती.

मी ओरडले नाही. पदर तोंडात कोंबला आणि चुलीशेजारी जाऊन बसले. उज्जू पलीकडच्या खोलीत होती. तिला इतकंच सांगितलं, "कंपनीचाच बिघाड होता." दहा मिनिटांचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महांतेशला बोलावलं. या वेळी चहा दिला नाही. म्हटलं, "तुमचा लॅपटॉप उघडा. नेटवर्कचं सेटिंग दाखवा."

"ते कशाला आक्का?"

"दाखवा."

त्यानं दाखवलं. त्याच्या लॅपटॉपमध्ये हातानं आकडा घातलेला होता. माझ्यासारखाच, बाहेरच्या सर्व्हरचा. म्हणून त्याची पानं आमच्या घरात भराभर उघडत होती. विंडोज म्हणून नाही.

"तुमास्नी म्हाईत होतं," मी म्हटलं.

तो खाली बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "वरनंच गेलंय आक्का. आठ-धा दिस झाले. आमाला सांगितलंय, सर्व्हरचं कुणाला बोलू नका. गिऱ्हाइकाची मशीन न्हाईतर राऊटर म्हणा. मला बी पोरंबाळं हायत."

"माझ्या भैनीची मुलाखत गेली."

"मला काय ठाव वो, मुलाखत हाय म्हणून..."

"ठाव असतं तर खरं बोलला असता?"

तो लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला. त्याची ती खाली घातलेली मान मला आजही दिसते, आणि त्याची दया येते, आणि दया आली की राग दुप्पट होतो. घरात मिस्टर आहेत का, हे विचारायला कुणी वरून सांगितलं नव्हतं त्याला.

त्या सगळ्या चाचण्यांचे निकाल, वेळेसकट, मी लॅबमध्ये कागदावर छापून घेतले आणि बेळगावची बस धरली. संकेश्वर गेलं, यमकनमर्डी गेली, काकतीचा डोंगर आला, मला काहीच दिसत नव्हतं. मनात वाक्यं जुळवत होते, मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत. तिन्हीत भांडता येतं आम्हाला इथं, सीमेवर राहण्याचा तेवढा एक फायदा.

कंपनीच्या कचेरीत रांग होती. पुढं बेळगावातल्याच शहापूरचे एक विणकर आण्णा होते, मागावरच्या साड्यांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवतात. आठ दिवस फोटो जात नव्हते. मागं हिंडलग्याच्या एक बाई, पिशवीत नवा कोरा राऊटर. "हा दुसरा घेतला बाई मी. तरी तसंच," त्या म्हणाल्या. काउंटरमागं टाय लावलेले साहेब. माझे कागद त्यांनी न वाचताच परत सरकवले.

"मॅडम, लिनक्सला आमचा सपोर्ट इल्ला, नाही. हे तुम्हाला कुणी काढून दिलं? घरी जेंट्स असतील त्यांना पाठवा."

पुन्हा तेच! माझा आवाज चढला, पण थरथरला नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

"मी काढलंय. साहेब, तुमच्या समोरच्या पीसीवर विंडोजच हाय न्हवं? त्याच्यावरनं तुमच्याच सर्व्हरला एक नाव इचारा. कसं इचारायचं ते मी सांगते."

"तसं करता येत नाही. आगल्ला."

"इचारा की वो," शहापूरचे आण्णा म्हणाले. "इचारायला काय जातंय तुमचं?"

"व्हय, इचारा," हिंडलग्याच्या बाईंनी पिशवीतला राऊटर काढून काउंटरवर ठेवला.

रांग पुढं सरकून काउंटरला भिडली. साहेबांनी कपाळ पुसलं आणि मी सांगितलेली आज्ञा टाइप केली. काळ्या खिडकीत एक ओळ उमटली, वेळ संपली, उत्तर नाही. पुन्हा केली. पुन्हा तीच ओळ. मागं कुणीतरी ती मोठ्यानं वाचली. पाचव्या मिनिटाला आतून मोठे साहेब आले, आणि ज्याला त्याला पाणी विचारायला लागले.

मला पाणी नको होतं, पत्र हवं होतं. बिघाड कंपनीचा होता, इतकंच लिहिलेलं, शिक्का मारलेलं. ते नाही म्हणाले. मी खुर्चीवर बसून राहिले. आण्णाही बसले माझ्याशेजारी. "माझं काय, माग काय पळून जातोय?" म्हणाले. चार वाजता पत्र मिळालं. दोन ओळी. तांत्रिक कारणामुळे सेवा विस्कळीत होती. दिलगिरीचा एक शब्द नाही. त्याच संध्याकाळी सगळ्या भागातलं नेट सुरळीत झालं, आणि माझ्या फोनवर संदेश आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. समाधानकारक!

ते पत्र आम्ही संस्थेला पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सहानुभूती आहे, पण नियमात बसत नाही.

मग उज्जूनं वर्षभर इथल्या ज्युनिअर कॉलेजात तासावर शिकवलं. आणि आईनं अजून एक आख्खा हंगाम चाळण धरली. उज्जूनं, मी, दोघींनीही हातापाया पडून सांगितलं, सोड. "उज्जूचं हुंदे, मग," एवढंच म्हणायची. पुढच्या वर्षी उज्जूला दुसऱ्या एका संस्थेत जागा मिळाली, पहिल्याइतकी मोठी नव्हे, पण मिळाली. आई थांबली. खोकला थांबला नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी थांबायला हवं होतं. त्या वर्षाचा हिशोब कुठल्या काउंटरवर मांडायचा? लोक म्हणतात, झालं ते झालं, शेवटी मिळालंच की. पण आईच्या फुप्फुसात बसलेली ती एका हंगामाची धूळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

यंदा उज्जू सुट्टीला आली, नेमकी तंबाखूच्या दिवसांत. परवा दुपारी आई शेजारी गेली होती. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. का कोण जाणे, मी बोलून गेले. ती दहा मिनिटं. एकाच दमात सगळं सांगून टाकलं.

उज्जूनं हातातली शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले.

"मला तवाच ठाव होतं," ती म्हणाली. "तू चुलीपाशी गेलतीस, तवा मी उठून लॅपटॉप बघितला. तू काय काय केलंस, कुठल्या येळेला, सगळं होतं त्यात."

"मग बोलली न्हाईस?"

"काय बोलू? मला राग आलता. लई. वर्षभर."

"कंपनीचा."

"न्हाय. तुझा." तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते. "तो महांतेश खोटं बोलला, त्याचं पोट हाय त्याच्यावर. पर तू त्याचं ऐकलंस, आक्का. तुला त्याच्यापरीस जास्त येतंय. मला शाळेपास्नं समदं तूच शिकवलंस. आनि तू त्याचं ऐकलंस."

दोन वर्षं मी कंपनीवर, साहेबांवर, महांतेशवर, हंगामावर रागावत होते. रांगेत, बसमध्ये, भांडी घासताना. आणि ज्या रागाला खरोखर हक्क होता तो शेजारच्या खोलीत, माझ्याच घरात, तोंड मिटून बसला होता.

"चुकलं माझं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला म्हटलं असेल.

ती शेंगा फोडत राहिली. बाहेरून एक भरलेली गाडी गेली, मागोमाग तो झणका आत आला आणि दोघींनाही शिंका आल्या. नाक पुसत मी विचारलं, "अजून हाय राग?"

"हाय थोडा," उज्जू म्हणाली, आणि न फोडलेल्या शेंगांचं सूप माझ्याकडं ढकललं. "फोड आता तू. माझी बोटं दुखायलीत."